क्रॉसिंगचा हंगाम

कपाशीचं फूल उमलतं त्या दिवशी पिवळसर पांढरं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. पोळा होऊन गेला, घरोघरच्या महालक्ष्म्या जेवून परतल्या, की जालन्याहून भोकरदनच्या रस्त्याला लागावं. दोन्ही बाजूंच्या शेतांत एकाच झाडावर दोन्ही रंग दिसतात, कालचा आणि आजचा. आमच्या भागात या दिवसांना कुणी शरद वगैरे म्हणत नाही. ऊन अंगाला चिकटतं, मधूनच एखादी सर येऊन नुसता चिखल करून जाते, आणि बाया प्लॉटवर जायला लागतात. म्हणजे क्रॉसिंग सुरू झालं.

ज्यांचा कपाशीशी संबंध सदऱ्यापुरताच आहे त्यांच्यासाठी सांगतो. संकरित बी हातानं तयार करावं लागतं. दुपार कलली की बाया मादीच्या ओळींतून फिरतात आणि उद्या उमलणार अशा कळ्या हेरतात. अंगठ्याच्या नखानं पाकळ्या आणि आतले पुंकेसर एका वळणात काढून टाकतात. मधे नाजूक दांडा उरतो, त्यावर लाल कागदाची बारीकशी टोपी घालतात. सकाळी टोपी काढायची, पलीकडच्या प्लॉटमधून आणलेलं नराचं फूल त्यावरून फिरवायचं, देठाला दोरा बांधायचा, पुढच्या झाडाकडे वळायचं. मग बोंड धरतं, पोसतं, फुटतं. कळीच्या बाजूनं पाहिलं तर सगळं आपोआपच झालेलं असतं.

हे बी विकणाऱ्या एका कंपनीत मी वीसेक वर्षं काढली. माझं काम शिकवण्याचं होतं: शेतावर जाणाऱ्या नव्या पोरांना, दुकानदारांना, कधी प्लॉटवाल्या शेतकऱ्यांना. अशाच एका हंगामात मी नोकरी सोडली आणि प्रोफेशनल कोच झालो. निदान मी तसं समजत होतो. यंदाच्या हंगामात कळलं की नोकरी माझ्याकडून सोडवून घेतली होती. कागदावर काहीच फरक पडत नाही. राजीनाम्यावरची सही माझी, अक्षर माझं, शेवटी ‘आपला विश्वासू’ लिहिणाराही मीच. पण तेव्हापासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. माझ्या आयुष्यातला एकमेव मोठा निर्णय मी घेतला होता की नाही, हे मला आता कुणाला विचारता येत नाही.

राजीनाम्याच्या आदल्या वर्षी कंपनीत नवे भागीदार आले होते. भिंतींवर चकचकीत फलक लागले. आम्ही सगळे एक कुटुंब आहोत, असं त्यांवर लिहिलेलं होतं. कुटुंबात वाटण्या होतात, हे खेड्यात वाढलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागू नये. पण फलक इंग्रजीत होते, आणि इंग्रजीतलं कुटुंब भांडत नसावं असा आमचा समज. मग पुण्याहून निरंजन सर आले. हे कोच. वरिष्ठांनी त्यांच्याशी एकेकट्यानं बोलायचं, जे बोलू ते चार भिंतींत राहील, असं सांगण्यात आलं. तागाचा सुरकुतलेला सदरा, हातात घड्याळ नाही, आवाज असा की माणूस आपोआप पुढे वाकतो. इतका मोठा माणूस इतक्या हळू बोलतो म्हटल्यावर आम्ही लगेच त्याला मोठा मानलं.

बैठका केदारखेड्याच्या रस्त्यावरच्या आमच्या संशोधन फार्मवर, गेस्ट हाऊसमध्ये व्हायच्या. खिडकीबाहेर क्रॉसिंगचा प्लॉट. आत टेबल, दोन खुर्च्या, पाण्याचा जग आणि टिश्यूचा डबा. डबा मी येण्याआधीपासून तिथं होता. तेव्हा ते खटकलं नाही.

“तुम्हाला खरंच काय हवंय?” त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, “म्हणजे कशाबद्दल, सर?”

बाहेर एका बाईनं दुसरीला हाक मारून, “आगं ये, माझ्या वळीत काय घुसती? तुह्या नवऱ्याची हाय का?” असं विचारलं आणि सगळ्या हसल्या. निरंजन सर हसले नाहीत. ते माझ्याकडे पाहत राहिले.

तुम्हाला खरंच काय हवंय? आमच्यात हा प्रश्न विचारायची पद्धत नाही. पगार किती, जागा सोताची का किरायाची, मुलगी कितवीला, हे प्रश्न आम्ही पाहुण्याला पाण्याच्या तांब्याबरोबर देतो. काय हवंय हे फार तर पंगतीत विचारतात, आणि तिथंही उत्तर पोळी किंवा भात एवढंच देता येतं. माझं वय पन्नाशीला टेकलं होतं आणि मला हे कुणीच विचारलेलं नव्हतं. मी काहीतरी ठोकून दिलं, बढती, मुलीचं शिक्षण. ते म्हणाले, “आणखी काय?” मी आणखी काहीतरी बोललो. “आणखी काय?” मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, “लहानपणी तुम्ही कधी फळ्यासमोर उभे राहिलात का? विद्यार्थी म्हणून नाही. शिकवायला?”

आणि मी रडलो.

ते का, ते सांगायला घनसावंगीकडे जावं लागेल. आण्णा, माझे वडील, तिथल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. बौद्धवाड्यातून शिकून मास्तर झालेला तो गावातला पहिला माणूस, त्यामुळे त्यांना खडूचाही अभिमान होता. पावसात शाळेचं छप्पर गळायला लागलं की वर्ग चावडीत भरायचा. तिथं ते मला फळ्यापाशी उभं करायचे आणि स्वतः मुलांत मांडी घालून बसायचे. वर्गातल्या सगळ्यात ढ पोराचं सोंग घ्यायचे. “गुर्जी, मला न्हाई समजलं,” असं मला म्हणायचे. मला. मुलं लोळून हसायची. मी पुन्हा समजावून सांगायचो, ते पुन्हा डोकं खाजवायचे, आणि कितव्या तरी वेळी त्यांच्या चेहऱ्यावर समजल्याचा जो उजेड पडायचा तो सोंगाचा होता हे कळायला मला बरीच वर्षं लागली. माझ्या जन्मात मी त्याहून मोठा कधी झालो नाही.

ही गोष्ट मी निरंजन सरांना हुंदके देत सांगितली. त्यांनी टिश्यूचा डबा बोटानं हळूच पुढं सरकवला. हा माणूस मनातलं वाचतो, असं मला त्या दिवशी मनापासून वाटलं.

घरी आल्यावर मंगलला सांगितलं. मंगल, माझी बायको, पोस्टात काउंटरवर बसते. माणसं काय विचारायला आली आहेत ते त्यांच्या चपलांवरून ओळखते, असा तिचा दावा आहे.

“अहो, मंग त्यानं काय सांगितलं?”

“काही नाही. तो सांगत नाही. विचारतो फक्त.”

“आणि तुम्ही रडले.”

“हो.”

“कंपनीनं पुण्याहून माणूस आणला, तुम्हाला रडवायला,” ती कणीक मळत म्हणाली. “कंपनीला त्यात काय मिळालं?”

मी तिला म्हणालो की प्रत्येक गोष्टीत असा हिशोबी विचार करू नये. ती म्हणाली, “बरं.” आमच्या संसारात या शब्दाचं वजन बरंच आहे.

त्यानंतर मी कोचिंगचा अभ्यासक्रम केला, प्रमाणपत्र मिळवलं, आणि पुढच्या वर्षी भादव्यातच राजीनामा दिला. सगळ्यात आधी दिलीपला सांगितलं. दिलीप विक्री विभागात माझ्या बरोबरीचा. आम्ही जिल्हाभर एका जीपमधून हिंडलेलो, त्याच्या बायकोची जवसाची चटणी मी आणि माझ्या बायकोच्या दशम्या त्यानं खाल्लेल्या. मास्तरचा पोरगा आणि वर शिकवायचं काम, म्हणून तो मला गुरुजी म्हणायचा. कँटीनमध्ये त्यानं ऐकून घेतलं, ताटातला भात कालवत राहिला आणि म्हणाला, “बराबर करून राह्यला तू, गुरुजी. तुह्यात ते हाय. इथं सडू नको.” मला वाटलं, दोस्त जाणार म्हणून त्याला मान वर करवत नाही.

निरोप समारंभ दणक्यात झाला. शाल, श्रीफळ, आणि मागे माझ्या फोटोशेजारी गरुडाचा फोटो असलेला बॅनर: नव्या उड्डाणास शुभेच्छा. जालन्यात मी गरुड पाहिलेला नाही. घारी आहेत, त्या बाजार समितीमागच्या कचऱ्यावर फिरतात. नव्या भागीदारांनी माझ्या धैर्यावर भाषण केलं. माणसाचं धैर्य मालकानं वाखाणलं की त्यानं घरी जाऊन कागदपत्रं पुन्हा वाचावीत, असा नियम मी आता केला आहे. त्या दिवशी मात्र मी उभा राहून सगळ्यांचे आभार मानले. निरंजन सरांचे विशेष.

आण्णांना नवा धंदा समजावून सांगताना माझी परीक्षा झाली.

“सल्ला देतो का लोकाला?”

“नाही. कोच सल्ला देत नाही. प्रश्न विचारतो. उत्तर ज्याचं त्यानं शोधायचं.”

“आणि पैसे कोण देतं?”

“ज्याला प्रश्न विचारले तो.”

आण्णांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. “मी जलमभर लोकाच्या लेकरायला प्रश्न इचारले,” ते म्हणाले. “उत्तर चुकलं तर वरून छडी दिली. एकानंबी पैसे दिले न्हाईत. हा इल्म लई उशिरा निघाला.”

गावात कोचिंग म्हणजे क्लासेस. एका हार्डवेअरच्या दुकानावर मी खोली घेतली आणि पाटी लावली, तर पालक पोरांच्या गुणपत्रिका घेऊन जिना चढायला लागले. “नीटचं हाय का जेईईचं?” मी त्यांना समजावून सांगायचो की माणसाला स्वतःचं ऐकू यावं म्हणून मी समोर बसतो. ते सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, “मंग होस्टेल हाय का?”

हळूहळू माणसं आली. परतूरचे एक मुख्याध्यापक आले. बैठकीत वरचा साहेब समोर बसला की त्यांचा आवाजच जायचा. नवऱ्यामागे डाळमिल चालवणारी एक बाई आली, तिला हमालांची नाही, दिराची भीती वाटायची. मी गप्प बसायला शिकलो. मराठी माणसाला, त्यातून शिकवणाऱ्याला, यापरता अवघड योग नाही. मुख्याध्यापक एकदा जिना उतरताना थांबून म्हणाले, “तुम्ही तर काहीच सांगितलं न्हाई, सर. पर डोक्यावरलं उतरल्यावानी वाटतं.” त्या वेळी मला चावडीतला तो उजेड आठवला, आणि हा सोंगाचा नव्हता. हे मुद्दाम लिहून ठेवतो. काम खोटं नव्हतं. खोटं असतं तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

यंदा पोळ्यानंतर दिलीपचा फोन आला. तो आता फार वर गेलेला आहे. त्याच्या पदाचं नाव त्याच्या कार्डावर दोन ओळींत मावतं. “गुरुजी, फार्मवर ये. काम हाय तुह्यासाठी.” मला आनंद झाला. आपल्या जुन्या घरानं आपल्याला बोलावलं की कुणालाही होतो.

तेच गेस्ट हाऊस, तेच टेबल. खिडकीबाहेर बाया कळ्या सोलत होत्या. पोहे आले. दिलीपनं लिंबू पिळलं आणि कामाचं काढलं. सोनवणे म्हणून एक जण, बियाण्याची उगवण तपासतात त्या प्रयोगशाळेचा प्रमुख. त्याच्याशी मी बैठका घ्यायच्या.

“त्याची अडचण काय आहे?” मी विचारलं.

“त्याची कुठं काय? अडचण आपली हाय. ती लॅब हैदराबादला चाललीय. आता ह्याला काढावं तर देणं-घेणं आलं, बोंबाबोंब आली. त्यापेक्षा त्याचं त्यालाच उमगलं पाहिजे की आपली जागा भाईर हाय. आपल्या मर्जीनं, खुशीनं.” त्यानं घास घेतला. “निरंजन सरांनी तुह्यावेळी केल्तं ना, तसं.”

मी काही बोललो नाही. ते ठरवून नव्हतं, पण त्याचा परिणाम तसाच झाला. समोरचा गप्प बसला की माणूस ती जागा भरतो, हे माझ्या धंद्यातलं पहिलं सूत्र.

“आरं, तुला म्हाईत न्हवतं?” दिलीप म्हणाला. त्याच्या आवाजात खरंच आश्चर्य होतं. “मला वाटलं, इतक्या सालात समजलं आसंल. तुहं नाव तर निघाल्तं, गुरुजी. मीच आडवा आलो. म्हणलं, गडी हळवा हाय, त्याला असं काढू नका, इज्जतीनं जाऊ द्या.”

“आणखी काय?” माझ्या तोंडून निघालं.

“आणखी काय म्हंजे? तुह्या आण्णाचं, ते फळ्याचं, चावडीचं मीच सांगितल्तं सरांना. म्हणलं, तिथून धरा. पहिल्याच बैठकीत रडला म्हणे तू.” तो हसला, जुन्या खोडीवर हसावं तसा. “पण बघ की, चांगलंच झालं का न्हाई? कोच झाला. मोकळा झाला. आम्ही इथंच हावोत, गाढवावानी.”

ती गोष्ट मी दिलीपला एकदाच सांगितली होती. घनसावंगीच्या अलीकडे आमची जीप बंद पडली होती आणि आम्ही बाभळीखाली वडापच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. समोर पावसात एक शाळा दिसत होती, म्हणून आठवलं आणि सांगितलं. त्यानं तेव्हा नुसती अर्धी दशमी मोडून माझ्या हातात दिली होती. एवढी नीट ऐकलेली गोष्ट पुढं कामाला येते, हे मी नंतर पैसे भरून शिकलो. त्यानं फुकटात ओळखलं होतं.

मला संताप यायला हवा होता. त्याऐवजी मी खिडकीतून पाहत राहिलो. एक बाई नखानं कळी उघडत होती, काही न बघता, शेजारणीशी सुनेच्या माहेराबद्दल बोलत. लाल टोपी घातली आणि पुढे गेली. त्या कळीला उद्या सकाळी ऊन लागेल. तिला वाटेल, वेळ झाली.

नोकरीतून काढलं असतं तर मी भांडलो असतो. माझ्या हक्काचं जे होतं ते मागितलं असतं. माणसानं स्वतः राजीनामा दिला की कंपनीचं देणं पुष्कळ हलकं होतं, एवढं तर मलाही ठाऊक होतं. पण खरा चटका त्याचा नाही. पैशाची फसवणूक आमच्या बाजारपेठेच्या गावाला नवी नाही, ती सांगताही येते आणि ऐकणाऱ्याला कळतेही. इथं माझं काय गेलं ते कुणाला दाखवू? मला एकदाच कुणीतरी विचारलं होतं की तुला काय हवंय, आणि तो प्रश्न माझ्यासाठी नव्हता. मी दिलेलं उत्तर मात्र खरं होतं. त्या उत्तरावर मी आजही जगतो आहे. चोरीच्या बियाण्याचं पीक चांगलं आलं तर शेतकऱ्यानं त्याचं काय करायचं?

घरी येऊन मंगलला सांगितलं. “मी म्हणलं होतं” हे ती म्हणू शकली असती. ती म्हणाली, “दिलीपभाऊजी दिवाळीला आले तर मी चहा ठेवणार न्हाई.” आणि थोड्या वेळानं, “त्या पुण्याच्या माणसानं इचारलं नसतं, तर तुम्ही सोडली असती का हो नोकरी?”

मी म्हणालो, “माहीत नाही.”

“बरं,” ती म्हणाली. या वेळचं ‘बरं’ वेगळं होतं.

आण्णांना सांगितलेलं नाही. चावडीतली गोष्ट त्यांची आहे, ती कुठून कुठं फिरून आली हे त्यांना कळायचं काही कारण नाही.

दिलीपला मी त्याच दिवशी ‘घेतो बैठका’ म्हणालो होतो. त्याला इतकं हायसं वाटलं की त्यानं आणखी पोहे मागवले.

चार दिवसांनी सोनवणे गेस्ट हाऊसवर आले तेव्हा ऊन उतरत होतं. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन, नखांच्या कडांना बियाण्याच्या औषधाचा गुलाबी रंग, धुऊन न जाणारा. साहेबानं ‘तुमच्या विकासासाठी’ म्हणून पाठवलेला माणूस जसा बसतो तसे ते खुर्चीच्या कडेवर बसले. टेबलावर टिश्यूचा डबा होता. कुणी ठेवला कोण जाणे, गेस्ट हाऊसची ती रीतच झाली असावी. मी तो उचलून खाली जमिनीवर ठेवला.

“दिलीप साहेब म्हणले, सर प्रश्न इचारतील,” सोनवणे म्हणाले. “मी घरून जरा इचार करून आलोय. मला लहानपणापासून रोपवाटिका टाकायची लई इच्छा, असं…”

“थांबा,” मी म्हणालो. ते इतके भाबडेपणानं तयार होऊन आले होते की मला पुढचं ऐकवेना. “हे दिलीप साहेबांना बोलला होता का कधी?”

“हो, एकदा. त्यांच्या गाडीत येताना. का?”

माझ्या प्रशिक्षणात एक गोष्ट पक्की ठोकून घेतलेली आहे: कोचनं सांगायचं नाही. समोरच्याचं उत्तर समोरच्यातच असतं. मुख्याध्यापकांपासून डाळमिलवालीपर्यंत मी हा नियम एकदाही मोडलेला नव्हता.

“तुम्हाला इथं का पाठवलंय ते सांगतो,” मी म्हणालो. मग सगळं सांगितलं. लॅब हैदराबादला चालली आहे हे, आणि तुम्ही आपल्या खुशीनं जावं अशी कंपनीची इच्छा आहे हेही. “रोपवाटिका टाका. जरूर टाका. पण राजीनामा देऊ नका. काढायचं असेल तर त्यांना काढू द्या, लेखी. आणि तुमचं जे होतं ते घ्या.”

सोनवणे खिडकीकडे बघत राहिले. बाहेर बायांचं काम उरकत आलं होतं. ओळीच्या ओळी लाल टोप्या घालून उभ्या होत्या. एकीनं पदरानं मान पुसली आणि उरलेले कागद पिशवीत भरले.

“हे कोचिंग हाय का, सर?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मंग दिलीप साहेबाला काय सांगाल तुम्ही?”

“हेच. आणि पुन्हा बोलावू नका म्हणून.”

त्यांनी मान हलवली. उठले, खुर्ची जागेवर सरकवली आणि दारापाशी जाऊन थांबले.

“सर, राग नका मानू. तुम्ही बी इथंच होते म्हणे, आमच्या आधी. तुम्ही गेले तव्हा तुम्हाला कुणी सांगितलं न्हाई का?”

“नाही,” मी म्हणालो. “मला विचारलं होतं.”